सांगून

पक्षाघातानंतर आजींची वाचा गेली होती. रोज सकाळी नर्स यायची आणि प्रत्येक गोष्ट सांगून करायची. "आजी, आता कूस बदलते हं. पाणी जरा गार लागेल."

"तिला कुठं काय कळतंय?" आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे.

"कळो न कळो, अंग त्यांचं आहे आजोबा. न सांगता हात कसा लावायचा?"

एके दिवशी नर्सच तापानं आडवी झाली. बदली कोणी मिळेना. नाइलाजानं आजोबांनी बाह्या सरसावल्या, टॉवेल ओला केला आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "तोंड पुसतो हं." मग, "आता पाठ." मग, "उशी बदलायचीय, मान उचलू का?"

सगळं आटोपलं, तरी आजींची नजर त्यांच्यावरून हलेना. वाचा शाबूत होती तेव्हासुद्धा आजोबा त्यांच्याशी एवढं बोलले नव्हते. आता तर सांगायला कामही उरलं नव्हतं. आजोबांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आता काही करत नाही," ते म्हणाले. "इथं नुसता बसतो हं."