पिवळ्या गाडीचं दार

"दार तेवढं करून टाकू का काका? दुसरं लॉक बसवलं की झटक्यात उघडेल."

"दाराला हात लावायचा नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

दौलतने खांदे उडवले. कल्याणच्या त्याच्या गॅरेजमागे ही दोन सीटची पिवळी स्पोर्ट्स कार कित्येक वर्षं सडत पडली होती. फायबरच्या बॉडीची. अशा गाड्या मोजक्याच विकल्या गेल्या, आणि ज्यांनी घेतल्या त्यांना लोक खेळण्यातली गाडी म्हणून हसले. मालक कधीच परदेशी गेला होता. त्याच्या ओळखीची कॉलेजची पोरंपोरी तेव्हा ती फिरवायची, एवढंच दौलतला ठाऊक होतं.

त्र्यंबकरावांनी ती घेतली तुटक्या बंपरसाठी. त्यांच्या मुलाच्या, केदारच्या बाइकला खडवलीच्या रस्त्यावर कुणीतरी उडवलं आणि न थांबता निघून गेलं. केदार जागीच गेला. रस्त्यावर उरला एक पिवळा फायबरचा तुकडा. तो या बंपरला चपखल बसला, तेव्हा ते थेट पोलिसांकडे गेले.

"गाडी मिळाली काका, पण चालवत कोण होतं?" पोलीस म्हणाले.

ते कोण सांगणार? केदार त्या दिवशी खडवलीला का निघाला होता, हेही घरात कुणाला माहीत नव्हतं. धाकटी अंतरा तर डोंबिवलीला मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती.

मग त्र्यंबकरावांनी गाडी पहिल्यासारखी करायला घेतली. इंजिन खोललं, सीट शिवून घेतल्या, पिवळा रंग जुळेपर्यंत दौलतचं डोकं खाल्लं. त्यांच्या बाळकुमच्या सोसायटीत लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांनी फोटो नेटवर टाकले. शौकीन लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बघायला येऊ लागले. गाडीची दुसरी बाजू भिंतीला खेटलेली, म्हणून प्रत्येक जण आधी ड्रायव्हरच्या दाराशी जायचा आणि हँडल ओढत बसायचा. ते दार पहिल्यापासून हट्टी. हँडल वर उचलून धरायचं आणि खालच्या कोपऱ्यावर गुडघा मारायचा, तरच उघडायचं. ज्याने ही गाडी चालवली त्यालाच ते माहीत. त्र्यंबकराव कुणाला सांगत नसत. खांबाला टेकून नुसते येणाऱ्यांचे हात बघत.

"विकून टाका ना बाबा ती," अंतरा फोनवर म्हणायची. लग्न होऊन ती डोंबिवलीलाच राहत होती. माहेरी आली तरी पार्किंगच्या त्या बाजूला कधी फिरकली नाही. भावाच्या आठवणीने पोरीचा जीव तुटतो, हे त्र्यंबकरावांना समजायचं. पण दसऱ्याला घरच्या लेकीने गाडी ओवाळायचीच, असं त्यांनी या वेळी बजावून सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळीच फोटो बघून सुदेश नावाचा एक जण आला.

"कॉलेजला असताना पाहिलेली ही. एका सीनियरची होती," तो म्हणाला. त्याची नजर सारखी बंपरकडे जात होती. कपाळावर घाम होता.

हाच तो, असं त्र्यंबकरावांच्या मनाने घेतलं.

अंतराची चिमुरडी सान्वी आजोबांचा हात धरून खाली आली होती. दार त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं; तिला सीटवर बसवलं, दार लोटलं.

"जरा लक्ष ठेवा हं. मी नारळ घेऊन येतो."

सान्वीने दार ओढून घट्ट लावलं. काचा बंद होत्या. थोड्या वेळाने ती रडायला लागली.

सुदेशने हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. "काका! उघडत नाहीये हे!"

त्र्यंबकराव खांबाआड उभे होते, हातात नारळ. घाबरला की माणूस माहीत असलेलं लपवू शकत नाही, असा त्यांचा हिशोब होता. नात लालबुंद होऊन काचेवर हात आपटत होती आणि त्यांना स्वतःची किळस येत होती. तरी ते हलले नाहीत.

सुदेशने दार हलवलं, ढकललं. शेवटी काच फोडायला वीट उचलली. म्हणजे हा नव्हे.

त्र्यंबकराव पुढे धावणार, तेवढ्यात लिफ्ट उघडली. ओवाळणीचं ताट खणखणत फरशीवर पडलं. अंतरा त्यांच्या अंगावरून पळत गेली, सुदेशला तिने बाजूला सारलं, हँडल वर उचलून धरलं आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यावर गुडघा मारला.