शाल पांघरलेलं गाढव

“हे सगळं मी एकट्यानं लिहिलं!” सत्काराची शाल सावरत कर्णिक म्हणाले. मागच्या रांगेतल्या हेमांगीनं टाळ्याही वाजवल्या. अनेकांनी मिळून, चित्रांशिवाय, नुसत्या टाइप केलेल्या शब्दांत खेळायच्या खेळांचं ते सर्व्हर सॉफ्टवेअर तिनं सहा वर्षं खपून लिहिलं होतं. कर्णिकांनी केलं ते फक्त बारसं.

नवी आवृत्ती तिनंच सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात, खेळ सुरू होताच प्रत्येक सर्व्हरवर आपोआप वसणाऱ्या नमुना गावाच्या वेशीवर शाल पांघरलेलं एक गाढव होतं. कुणी त्याच्याशी बोललं की ते म्हणे, “हे सगळं मी एकट्यानं लिहिलं!”

आठवड्यात कर्णिकांचा फोन आला. “ताई, लोक हसतायत हो. ते गाढव काढा!”

“मी कशी काढू?” हेमांगी साखर पेरत म्हणाली. “सगळं तुम्हीच लिहिलंय ना? मग शोधा की, कुठं बांधलंय ते.”