दाराजवळची खुर्ची

पेंटर बोलत असतानाच दार उघडलं आणि त्याची मुलगी आत आली. दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पेंटरचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मीटिंग चालवणारे मास्तर म्हणाले, बोला, आम्ही ऐकतोय. मग तो बोलला, आणि त्या दिवशी जरा बरं बोलला.

दारू सोडणाऱ्यांची ही मीटिंग लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरायची. पेंटरला ती सहजासहजी सापडली नव्हती. एका पत्त्याला कुलूप होतं. दुसरीकडे नाटकाची तालीम चालली होती आणि तिथल्यांनी त्याचा अवतार बघून त्याला म्हाताऱ्या नोकराचं काम देऊ केलं होतं. शेवटी लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्यानं त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता जिना दाखवला.

दारू सोडली ती मुलीपायीच. तिच्या नव्या घरी तो पिऊन गेला होता आणि शेजाऱ्यांदेखत जिन्यात पडला होता. ती म्हणाली होती, सुटल्याशिवाय तोंड दाखवू नका. तेव्हापासून दार बंद, फोन बंद. दुकानाच्या पाट्या रंगवताना टर्पेंटाइनचा वास आला की त्याचा घसा अजून कोरडा पडायचा. मग तो डोळे मिटून तिची आठवण काढायचा. लहानपणी तो पिऊन घरी आला की ती दाराआड लपायची. दाराखालच्या फटीतून तिचे पाय तेवढे दिसायचे. ते पाय त्याला झोपेतही दिसत.

आणि आता ते पाय त्या खुर्चीखाली होते.

त्या रविवारी घरच्या माणसांना मीटिंगला यायची मुभा होती, म्हणून ती आली असेल. पण पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही आली. कुणाशी बोलायची नाही. पाण्याची बाटली मांडीवर धरून बसायची, चहाच्या आधी निघून जायची. तिचे हात थरथरायचे. एवढा राग अजून आहे, पेंटरला वाटायचं. तो तिच्या वाटेला जात नसे. राग आपणहून उतरलेला बरा.

घरी बायको विचारायची, बोलली का. तो सांगायचा, बोलत नाही, पण बाप खरंच सुधारला का ते बघायला येते. बायको म्हणायची, पारखून घेऊ दे, आपणही भाजी दाबून बघतोच की.

मास्तरांचे त्यानं आभार मानले. घरच्यांचा रविवार नसताना तिला बसू देता, माझ्यासाठी नियम वाकवलात, म्हणाला.

मास्तर चष्मा पुसत राहिले. "तुमच्यासाठी नाही, पेंटर," ते म्हणाले. "आणि इथं कोण कशाला येतं, ते मी कुणाला सांगत नसतो."

मोठा माणूस, उपकाराचं ओझंसुद्धा ठेवत नाही, असं पेंटरनं बायकोला सांगितलं.

एकदा जिन्याच्या तोंडाशी जावई भेटला. तिला सोडायला आला होता आणि समोर लावलेल्या गाडीतच बसून होता. डोळे ओढलेले, दाढी वाढलेली. वर चला की, पेंटर म्हणाला. जावयानं नाही म्हणून मान हलवली.

"बाबा, ती येत राहिली तरी पुष्कळ आहे."

त्याचा खांदा थोपटून पेंटर जिना चढला. जावईसुद्धा आपल्या बाजूनं आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं ठरवलं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मुलीची माफी मागायची. आठवडाभर शिडीवर उभा राहून तो पुटपुटत होता. एका दुकानदाराची पाटी त्यात चुकली आणि सबंध पुन्हा रंगवावी लागली. रविवारी बायकोनं त्याला इस्त्रीचा शर्ट दिला.

तो वर गेला तेव्हा मुलगी आधीच आलेली होती, आणि पहिल्या रांगेत बसली होती. पेंटरनं शर्टाची कॉलर नीट केली. शेजारच्या खुर्चीवरचा एक ड्रायव्हर कुजबुजला, "नवरदेवासारखे नटलात की आज." 

मास्तरांनी विचारलं, आज कोण बोलणार. पेंटर उठला. मास्तरांनी त्याला हातानंच बसायला सांगितलं. तेवढ्यात मुलगी उठली होती.

म्हणजे तीच बोलणार. माफी मागण्याआधीच माफ करणार. पेंटरनं रुमालानं डोळे टिपले. ड्रायव्हरला कोपरानं ढोसून म्हणाला, जरा सरक, माझी मुलगी आहे ती, मला नीट बघू दे.

ती पुढे गेली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.  मग तिनं मान वर केली आणि सरळ बापाकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता.

"बाबांचं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय," ती म्हणाली. "आता माझं ऐका. मी आजही पिऊनच आलेय."