सकाळची धार

शेळीनं दुसऱ्यांदा लाथ मारली आणि स्टीलचं पातेलं परसातल्या फरशीवरून खणखणत गेलं. उल्का मागच्या मागे बसली. साडीला लेंड्या चिकटल्या.

"वा!" मागच्या दारात उभ्या असलेल्या सुहासिनीबाई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर बोलता येत नाही, मायक्रोवेव्ह लावता येत नाही. म्हटलं, खेड्यातली सून आहे, निदान एवढं तरी येत असेल!"

उल्काचे वडील बार्शीच्या कोर्टात कारकून होते. शेळी तिनं फक्त रस्त्यानं जाताना पाहिली होती. लग्नाला आठ महिने झाले, तेवढ्यात दोनदा तिनं हे सांगून पाहिलं. पण बार्शी म्हणजे खेडं आणि खेडं म्हणजे शेळ्या, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. त्या स्वतः पुण्याच्या. त्यांच्या माहेरचं कुणी कधी दिल्लीला आलेलं नव्हतं, पण पुण्याचं नाव दिवसातून चारदा निघायचं.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ही मंडळी गाझियाबादच्या नव्या वसाहतीत राहायला आली. मुलाला, मानसला, परदेशी कंपनीत नोकरी लागली. दारात गाडी आली. आणि मग ही शेळी. सासरे भालचंद्रराव पोटाच्या दुखण्यानं महिनाभर अंथरुणाला खिळले होते. वैद्यांनी सांगितलेलं शेळीचं ताजं दूध तेवढं त्यांच्या पोटात टिकत होतं. शेजारच्या कपूरांना शेळी दिसू नये म्हणून सुहासिनीबाईंनी कुंपणाला पत्रे ठोकून घेतले. रोज सकाळी रामकली नावाची बाई येऊन धार काढून द्यायची. "दूर से, दूर से," असं म्हणत सुहासिनीबाई तिला नळालासुद्धा हात लावू देत नसत. आज रामकलीला ताप भरला होता.

"दूध झालं का गं?" आतल्या खोलीतून भालचंद्ररावांनी विचारलं. आवाज जेमतेम दारापर्यंत आला.

उल्का उठली. पातेलं विसळून पुन्हा बसली. शेळीची कास टम्म फुगली होती. हात लागताच ती कळवळून ओरडली आणि दाव्याला हिसके देऊ लागली. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, खरंच सांगते, माझ्या माहेरी कुणी कधी शेळी पाळली नाही. मला नाही येत."

"नाही येत! मग येतं तरी काय तुला?"

शेळी पुन्हा ओरडली. सुहासिनीबाईंनी एकदा पत्र्यांकडे पाहिलं, एकदा आतल्या खोलीकडे. मग पदर खोचला, सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि उल्काला खांद्यानं बाजूला ढकलून फरशीवर उकिडव्या बसल्या.

शेळीचा मागचा पाय त्यांनी गुडघ्याच्या लवणीत घट्ट धरला. जिभेनं च्चक्-च्चक् केलं. कासेवरून पाण्याचा हात फिरवला, खालून दोन हलके धक्के दिले. शेळी शांत झाली, तिनं पान्हा सोडला. दोन्ही हातांनी सरसर धार पडू लागली. पातेल्यात फेस चढला. थेंबभर दूध बाहेर गेलं नाही.

उल्का बघतच राहिली. सुहासिनीबाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. नाक मुरडून त्या म्हणाल्या, "मी सात वर्साची व्हते तवा धा-धा शेरडं पिळायची रोज. अन् तुला येक आवरंना!"