लाल पाकीट

"दहा दिवस उशीर, मकचिक. दहा!" बून सिओंगने सर्व्हिसिंगची वही काउंटरवर फिरवली आणि फेब्रुवारीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

रोकिया मकचिक शिक्क्याकडे बघत राहिल्या. मलय लोक मावशीला मकचिक म्हणतात, आणि उबी भागातल्या या गॅरेजात त्या सगळ्यांच्याच मकचिक होत्या. त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला होता. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, तेही याच गाडीतून. त्याला बसची पायरी चढवत नव्हती.

"कंपनीच्या अधिकृत एजंटकडे जाऊन आले मी," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, ज्यांनी आणली त्यांच्याकडे जा."

म्हणणारच. गाडी एजंटला वगळून याच दुकानाने परस्पर जपानहून आणली होती. स्वस्त पडली, पण वॉरंटी फक्त दुकानाची, आणि तिला एकच अट. दर सहा महिन्यांच्या आत इथेच सर्व्हिसिंग. एक दिवस चुकला की वॉरंटी संपली.

बून सिओंगला हे बोलताना लाज वाटत होती. दर चिनी नववर्षाला ही बाई आठवणीने दोन संत्री घेऊन यायची, दोन्ही हातांनी द्यायची. सण तिचा नव्हता, तरी. पण मागे मालक उभे होते, म्हणून त्याने आवाज आणखी चढवला.

"वय झालं की तारखा विसरतात. पण नियम नियम असतो."

मालक ग्वी पुढे आले. "आमच्यापैकी कुणी 'उशिरा या, चालेल' असं सांगितलं होतं का? असेल तर नाव सांगा. तुमचं काम फुकट करतो आणि त्याला आजच घरी बसवतो. गेल्या महिन्यात एकाला बसवलाय."

मकचिकनी पर्स उघडली. आत हात घालून क्षणभर तशाच थांबल्या. मग त्यांनी बून सिओंगकडे पाहिलं.

"नाही हो. मीच विसरले. या पोराचं बरोबर आहे, वय झालं."

मालक आत गेले. मकचिकनी पर्समधलं काहीतरी चुरगळून दाराजवळच्या टोपलीत टाकलं आणि त्या बसच्या थांब्याकडे निघाल्या.

बून सिओंगने सुटकेचा श्वास सोडला. कॉफीचा रिकामा कप टाकायला टोपलीशी गेला, तर वरच एक लाल पाकीट. नववर्षाला पोराबाळांना पैसे घालून देतात तसलं. ऑगस्टात हे कुठून आलं?

त्याने उलगडलं. मागे घाईघाईने खरडलं होतं: 'आज गॅरेज लवकर बंद. मकचिकनी सुट्टीनंतर, आजपासून दहा दिवसांनी यावं. वॉरंटीला काही होणार नाही. बून सिओंग.'

अक्षर त्याचंच. आता आठवलं. नववर्षाची आदली संध्याकाळ, घरी आई जेवायची थांबलेली, हाताशी कागद नाही. मकचिक ठरल्या दिवशी गाडी घेऊन दारात आल्या होत्या आणि त्याने त्यांना परत पाठवलं होतं. वर आज त्यांचं वय काढलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तो धावत थांब्यावर पोचला. पाकीट पुढे धरलं.

"मकचिक, हे दाखवलं का नाहीत? गाडी फुकट दुरुस्त झाली असती!"

"झाली असती रे," त्या म्हणाल्या. "पण तुझे मालक समोरच उभे होते ना."