पांढऱ्या झाकणाचा डबा

पिठाचे डबे दोन, एक लाल झाकणाचा, एक पांढऱ्या झाकणाचा. पोरं बेचाळीस. एकवीस जणांच्या मनगटाला लाल दोरा, एकवीस जणांच्या पांढरा. शाळेच्या आढ्याला टांगलेला काटा एक. त्याच्या झोळीत मालनबाईचा नातू कानिफनाथ बसला होता आणि सुई महिन्यापूर्वी होती तिथंच उभी होती. अकरा किलो दोनशे.

"हलू नको रे," सहादेव म्हणाला. पोर हललंच नव्हतं.

सहादेव बी.एस्सी. होऊन पुण्याच्या एका संस्थेत लागला होता. संस्थेनं त्याला कर्जतकडच्या या गावी धाडलं होतं. बाजरीत प्रथिनं असतात, पण लायसिन नावाचं एक द्रव्य कमी पडतं, म्हणून ती पोरांच्या अंगी पुरती लागत नाहीत, असं त्यानं बायकांना समजावलं होतं. पिठात त्याची चिमूटभर पावडर मिसळायची, एवढंच; डबे तो स्वतःच भरून देई. भाकरी थापायचं काम मालनबाईकडं आलं. पोरं गोळा करायला घरोघर तीच हिंडली होती.

कुठल्या पोराला कुठला दोरा, याच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी पांढऱ्या दोऱ्यावरून अडलं. लेकराच्या हाताला पांढरं कशाला, असं म्हणत बायका उठून चालल्या. कानिफनाथची चिठ्ठी लाल निघाली होती. मालनबाईनं ती पांढरी निघालेल्या भागूबाईच्या पोरीला दिली आणि नातवाच्या मनगटाला सगळ्यांसमोर पांढरा दोरा बांधला. मग बायका बसल्या. सहादेवनं वहीत दोन नावांची अदलाबदल केली.

आता लाल दोऱ्याची पोरं सुई जराजरा पुढं ढकलत होती. पांढऱ्या दोऱ्याची जागच्या जागी होती. पोरं पांगल्यावर मालनबाई त्याच्याजवळ आली.

"सहादेवा, आमच्या डब्यात पावडर कमी पडती व्हय?"

त्यानं वही मिटली. "त्यात नसतेच, मावशी. एका गटाला द्यायची नाही. त्याशिवाय फरक कसा कळणार?"

"कुनाला कळायचा?"

तो काट्याची झोळी सोडू लागला.

"मी लाल चिठ्ठी सोडली तवा तू हितंच हुतास न्हवं?"

"होतो."

"आन् मला मावशी म्हनत हुतास."

एवढंच बोलून ती निघाली. गावात तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? त्या बायकांनी शब्द तिचा मानला होता, संस्थेचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काठवट पुढं ओढली, लाल झाकणाच्या डब्यातलं पीठ त्यात घेतलं आणि त्यावर पांढऱ्या डब्यातलं ओतलं. दोन्ही हातांनी कालवून एक केलं. बेचाळीस भाकरी एकाच पिठाच्या झाल्या. दोरे तिनं तसेच राहू दिले.

पुढं दर महिन्याला सहादेव येई.

"डबे वेगळेच ठेवता ना, मावशी?"

"तू सांगितलंस तसंच करती की."

त्याचा विश्वास बसे.

सहा महिने भरले. शेवटचं पोर काट्यावरून उतरल्यावर सहादेवनं शाळेच्या पायरीवर बसून तीनदा बेरीज केली. मालनबाई शेजारी काठवट घासत होती. मग त्यानं शाईनं लिहिलं.

लाल गट, सरासरी वाढ एक किलो वीस ग्रॅम. पांढरा गट, एक किलो. लायसिनमुळे पडलेला फरक, वीस ग्रॅम.