तीनशे गोण्या

नवव्या गोणीचं तोंड शिवत असतानाच हरेशचा फोन वाजला. त्याचे हात वाळूने भरलेले, म्हणून सारिकाने फोन घेतला, ऐकला आणि नवऱ्याच्या कानाशी धरला. गोदामाचा सुपरवायझर होता. दिवाळीचा सेल सुरू झालाय, सगळ्यांच्या रजा रद्द. दुपारच्या पाळीला आला नाहीस तर उद्यापासून येऊच नकोस.

"गेला हा पण रविवार," हरेश म्हणाला आणि ओढ्याच्या काठावर मटकन बसला.

बंधाऱ्याला गोण्या लागतात तीनशे. खर्डीच्या पलीकडच्या त्या वाडीत कर्ते पुरुष बावीस, आणि आज ओढ्यावर माणसं तीन. हरेश, सहावा महिना लागलेली त्याची बायको आणि त्याची आई बाईजा. बाकीच्यांनी काही अंग चोरलं नव्हतं. सुनिल कसाऱ्याला रुळांच्या कामावर, प्रणय मुरबाडला कारखान्यात, उरलेले बहुतेक हरेशसारखेच भिवंडीकडच्या गोदामांत. दिवाळीला अख्ख्या मुंबईला घरपोच वस्तू हव्या असतात, आणि ओढा अडवायचे दिवसही नेमके तेच. आणखी पंधरा दिवस गेले की अडवायला ओढ्यात काही उरत नाही.

एकदाच हे सगळं जमून आलं होतं, कोरोनाच्या साली. कामं सुटलेली, बावीसच्या बावीस घरी. पत्ते पिटून पिटून पोरं कंटाळली, तेव्हा हरेशच्या बापाने, नवशाने, एकेकाला शिव्या घालत ओढ्यावर आणलं. चार दिवसांत बंधारा उभा राहिला. हंड्यांची रांग नाही, टँकरची वाट बघणं नाही, विहीर मेअखेरपर्यंत पुरली. मधेच दुसरी लाट आली आणि नवशाला घेऊन गेली. त्या मे महिन्यात विहिरीत पाणी होतं आणि घरात बाप नव्हता.

पुढे कामं सुरू झाली आणि ओढा राहिला तो राहिलाच. गोण्यांचा बंधारा पावसाळ्यात वाहून जातो, दरवर्षी नव्याने घालावा लागतो. तेवढी सवड कुणाला? त्यात पाऊसही पहिल्यासारखा वागेना. महिन्याचं पाणी दोन दिवसांत ओतायचं आणि तोंड फिरवायचं, ही त्याची नवी तऱ्हा. गेल्या साली विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली. सारिकाचे दिवस यंदा फेब्रुवारीतच भरत होते.

"बालंतिनीला पानी कुठना आनशील रे?" बाईजाने सकाळीच विचारलं होतं. तेव्हापासून हरेश मनात हिशोब मांडत होता. नोकरी सोडली तर बाळंतपणाला हातात काय, आणि धरली तर हंड्यात काय? विचार करून करून त्याचं डोकं बधिर झालं होतं. गोदामाच्या पाळ्यांमुळे तसा तो दोन वर्षांत नीट झोपलाही नव्हता.

तो घरी आला, हातपाय धुतले, डबा घेतला. सारिका भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. आई कुठे दिसेना. त्याने मोटरसायकल काढली.

वाडीच्या शिवेवर, मोहाच्या झाडाखाली त्याला आई दिसली. ती उकिडवी बसली होती. पुढ्यात सूप, सुपात भाताची मूद, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या. हरेशने करकचून ब्रेक लावला. गावात रोग शिरला की असं सूप शिवेवर नेऊन ठेवायचं आणि आजाराला बाहेर वाटेला लावायचं, ही वाडीची जुनी रीत. सुपाचं तोंड गावाबाहेर ठेवायचं, म्हणजे आलेली बया, रोगाची देवी, त्या वाटेने निघून जाते. कोरोनाच्या साली बाईजानेच ते ठेवलं होतं.

"आये, कोन आजारी हाय? सारिकाला काय झाला?"

"कोनाला काय नाय झाला. तू जा कामाला."

तेवढ्यात त्याचं सुपाकडे नीट लक्ष गेलं. आई थकली, आता तिचं चुकतं, असं त्याला वाटलं. तो गाडीवरून उतरला. "सुपाचा तोंड गावाकडं झालाय, आये. सरक, मी फिरवतो."

बाईजाने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. मीच तसा ठेवलाय."

हरेशने सुपाकडे पाहिलं, मग गावाकडे. मग त्याला समजलं. आई कुणाला घालवत नव्हती. बोलावत होती.

"आये, बाबाला नेलान तिना!"

"म्हनून तं वलखते मी तिला."

बाईजाने पदर सावरला, रिकाम्या रस्त्याकडे बघून हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "ये गो माय. पन या टायमाला कोनाला नेऊ नको. निसती चार दिस समद्यांना घरी बसव."